फाट्यावरचा कंदील

माझ्या लेकाचं, भारतचं लग्न झालं ते साल दुष्काळाचं, २०१३. पंगतीलासुद्धा टँकरचं पाणी होतं. लग्नाचा मांडव उतरला आणि आमच्या वस्तीत टीव्हीवाले आले.

दिंद्रुडच्या अर्जुनराव मास्तरांनी सत्याऐंशी सालच्या दुष्काळावर कादंबरी लिहिली होती. तिच्यातली बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, पारूबाई. बायकांची दूधसंस्था त्यांनी त्या साली बंद पडू दिली नव्हती. त्या कादंबरीवरून दिवाळीत टीव्हीवर दाखवायचं नाटक तयार होत होतं, आणि तेही पारूबाईंच्याच घरात.

टीव्हीवाल्यांचा टँकर रोज यायचा. त्यांचं भागलं की उरलेलं पाणी वस्तीच्या टिपाडांत पडायचं. म्हणून सगळी वस्ती त्यांना जपत होती.

एके सकाळी पारूबाई सरपण घेऊन आल्या, तर ओट्यावर पणत्या मांडलेल्या. आत भिंतीवरची बुद्धाची तसबीर उतरवून तिथं लक्ष्मीचा फोटो लावलेला. त्यांनी मोळी दारातच टाकली.

"हे काय हाय?"

दिग्दर्शक तरुण होता, बोलायला गोड. "आजी, लक्ष्मीपूजनाचा प्रसंग आहे. शूटिंग झालं की लगेच उचलू."

"आन टीव्हीवर दिसलं की कुणी उचलायचं?"

"अहो, ती गोष्टीतली बाई आहे. तुम्ही नाही."

"मंग गोष्टीतल्या बाईच्या घरी जा की. इथं कावून आलाव?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "पारूबाई, कादंबरीत न्हाई हे. दिवाळीसाठी यांनी घातलंय."

शेजारची छबुबाई मधे पडली. "दोन पणत्यांनी काय बाटतंय गं? टँकर गेला तर काय प्यायचं? तुझी जिद्द?"

मलाही टिपाडच दिसत होतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"छप्पन्न साली मी नवी नवरी. सासऱ्यानं घरातले देव टोपल्यात भरले, टोपलं माझ्या डोक्यावर दिलं. सिंदफणा नदीत सोडून आलो आमी. परत आणायला न्हाई सोडले. जाऊ द्या टँकर. मी जाते घागर घेऊन."

मग त्याच दिग्दर्शकाला म्हणाल्या, "सत्याऐंशीच्या दिवाळीला दिवा लावलता मी. इचारलं का कुणी? अर्ध्या गावाची जनावरं छावणीला गेलती. दूध म्हणजे आमच्या वस्तीतलं, तळाला लागलेलं. दूध न्यायचा गाडीवाला म्हणला, फाट्यावर माणूस दिसला तर थांबीन, न्हाईतर संस्था बंद झाली समजीन. कंदील धरून उभी राहिले मी. लई उशिरा आली गाडी. पर थांबली."

दिग्दर्शक मास्तरांकडे वळला. "हे तुम्ही लिहिलं नाही?"

"मला कधी सांगितलंच न्हाई त्यांनी."

"आजी, तो कंदील आहे अजून?"

"हाय. काच न्हाई."

काच वडवणीच्या बाजारातून आणली. पणत्या गोळा झाल्या, तसबीर जागेवर गेली. शूटिंग फाट्यावर झालं, आणि टँकर शेवटच्या दिवसापर्यंत आला.

दिवाळीत आम्ही सगळ्यांनी ते नाटक दूधसंस्थेच्या खोलीत बसून पाहिलं. पडद्यावर सगळं घर अंधारात, आणि फाट्यावर एकटी बाई, हातात कंदील. पारूबाई म्हणाल्या, "बाई लई नाजूक हाय, पर कंदील बरोबर धरलाय."

पारूबाई २०१६ च्या मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वारल्या.