पाठमोरी मावशी आणि समोरचं शहर

मावशी परीक्षेत नापास झाली. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण घरी आम्ही सगळे तसंच धरून चालतो.

तर, मावशीची परीक्षा होती. आमच्या शहरातल्या गोऱ्यांच्या राजवटीतल्या इमारती पाहुण्यांना पायी फिरून दाखवायचं काम ती लग्नाआधीपासून करते. होडीच्या धक्क्यापासून सुरुवात, मग जकातघर, टपाल कचेरी, घड्याळाचा मनोरा, गव्हर्नरचा बंगला आणि शेवटी दफनभूमी, जिथे तोच गव्हर्नर कायमचा मुक्कामाला आहे. मावशीचा एक दंडक आहे: बोलताना पाहुण्यांकडे पाठ करायची नाही. म्हणून सगळा रस्ता ती उलटी चालते. तोंड पाहुण्यांकडे, पाठ शहराकडे. इतक्या वर्षांत ती एकदाही पडलेली नाही. तिच्याकडे बघत चालणारे बरेच पडले.

यंदा दुसरी एक गाईडबाई अशीच उलटी चालत कारंज्यात गेली आणि पुढची सगळी माहिती तिने आतूनच सांगितली. पालिकेने ताबडतोब नियम काढला. गाईडने चालण्याच्या दिशेला तोंड करून चालायचं, आणि तसं चालून दाखवल्याशिवाय परवाना पुढे मिळायचा नाही. मावशीला दुसरं काही येत नाही असं नाही, दुसरं काही आवडत नाही. परवाना गेला तर ती दिवसभर घरी बसणार आणि काकांना समोर बसवून जकातघर समजावणार, हे काकांनाही कळत होतं.

परीक्षेला पाहुणे आपले आपण आणायचे होते. मी गेलो. काका सलून अर्ध्यावर सोडून आले, म्हणजे गिऱ्हाईकाची दाढीही अर्ध्यावर सोडून आले, आणि त्याला एकट्याला तिथे बसवणं बरं दिसेना म्हणून सोबत घेऊन आले. त्याच्या एका गालावर फेस तसाच होता. नाहीतरी घरी कोणी वाट बघत नाही, असं तो म्हणाला. परीक्षक पालिकेचे होते. बूट कोरे करकरीत, फाईल छातीशी.

धक्क्यावर मावशीने तोंड पुढे केलं आणि परक्या गावात उतरल्यासारखी उभी राहिली. मग धीर करून निघाली. थोडं पुढे एक मोठी दगडी इमारत लागली, तिच्यासमोर मान तिरकी करून बघत राहिली आणि शेवटी फुगेवाल्याला विचारलं, ही कुठली इमारत हो?

"जकातघर," फुगेवाला म्हणाला. "तुम्हीच तर रोज सांगता."

"हे? ह्याला ही पण बाजू आहे?"

उलटं चालणाऱ्या माणसाला इमारत मागे पडल्यावरच दिसते. मावशीला प्रत्येक इमारतीची पलीकडची बाजू तोंडपाठ होती, अलीकडची तिने जन्मात पाहिली नव्हती. शिवाय तिचा डावा हात म्हणजे आजवर आमचा उजवा होता. पुढच्या नाक्यावर ती वळली आणि आम्ही सगळे एका लॉन्ड्रीत पोचलो. मावशी डगमगली नाही. गव्हर्नरच्या काळातही कपडे मळत असत, अशी तिने माहिती दिली. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं.

काका हळूच म्हणाले की मी तुला कधीचा सांगत होतो, अधूनमधून वळून बघत जा.

"तुम्हाला लग्नाआधी चांगलं समोरून बघितलं होतं," मावशी म्हणाली. "काय उपयोग झाला?"

पण त्या बोलण्यातच तिला काहीतरी सुचलं. तिने परीक्षकांकडे एक संधी मागितली, डोळे घट्ट मिटले आणि काकांना हात धरून दफनभूमीत न्यायला सांगितलं. तिथे पोचल्यावर डोळे उघडून ती शहराकडे तोंड करून सरळ चालू लागली. समोर सगळं ओळखीचं होतं. प्रत्येक खिडकी जागेवर होती. फक्त मावशीचा इतिहास इमारतींच्या रांगेनेच येतो, त्यामुळे तोही उलटा यायला लागला.

गव्हर्नर कबरीतून उठला. बंगल्यावर आल्यावर त्याचा ताप उतरला. मनोऱ्यातलं घड्याळ खाली काढून, गवतात गुंडाळून खोक्यात भरलं गेलं. टपाल कचेरीत त्याच्या माणसांनी लोकांची फोडलेली पत्रं पुन्हा चिकटवली. जकातघरातून घेतलेला कर ज्याचा त्याला दारोदार पोचता झाला. आणि धक्क्यावर येऊन गव्हर्नर बायको, कुत्रा आणि खोक्यासकट होडीत बसला आणि जिथून आला होता तिथे निघून गेला.

गिऱ्हाईकाने टाळ्या वाजवल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, फेस गेला असेल. काका म्हणाले की संसारात पहिल्यांदा त्यांनी ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. परीक्षकांनी नकळत रिकाम्या पाण्याकडे बघून हात हलवला, मग तोच हात खिशात घातला.

"फार छान, बाई. पण मंजूर मार्ग धक्का ते दफनभूमी असा आहे."

"मार्ग तोच आहे, साहेब. फक्त गव्हर्नर परत चाललाय."

"त्याला परत जायला पालिकेची मंजुरी लागेल."

पुढचं तुम्ही वाचलेलंच नाही. अपील करायची मात्र मुभा आहे, म्हणून मावशीच्या वतीने मी अर्ज टाकलाय:

माननीय महोदय, अर्जदार बाईंना शहराची पलीकडची बाजू उत्तम अवगत असल्याचे आपल्याच परीक्षकांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. सबब, मंजूर मार्गावरील सर्व ऐतिहासिक इमारती जागच्या जागी उलट तोंडाने वळवून द्याव्यात. तसेच डाव्या हाताच्या इमारती उजव्या हाताला व उजव्या हाताच्या डाव्या हाताला हलवाव्यात. काम चालू असताना मनोऱ्यातील घड्याळ बंद पडणार नाही याची दक्षता घ्यावी. निधीअभावी हे शक्य नसल्यास, गव्हर्नरला परत जाण्याची मंजुरी पूर्वलक्षी प्रभावाने देण्यात यावी, ही नम्र विनंती.