रीमच्या हनुवटीवरचे फोड

मोहरीएवढा लाल फोड, ओठाच्या कडेला – शेजारी आणखी दोन, टोकाला काळपट... मब्रूकानं रीम कुत्रीचं लांबट तोंड उजेडाकडे वळवलं. फोडायला बोट शिवशिवलं, पण तिनं आवरलं; फोडला की चिघळतो. कानांच्या कडा पाहिल्या, कोपरं पाहिली, काखेत बोटं फिरवली – कुठं टक्कल नाही, खपली नाही, खाजवणं तर नाहीच. ही कसली खरूज! खरूज कानाच्या कडेला आधी धरते. हे आपले तरण्या पोरीच्या तोंडावर उठतात तसले फोड. मातीचं भांडं फुटल्यापासून कुत्री त्या चरे पडलेल्या प्लास्टिकच्या घमेल्यात जेवते, कितीही घासा, बुळबुळीत ते बुळबुळीतच, आणि हनुवटी सारखी त्यातच. आजपासून पत्र्याची परात. दोन वेळा मिठाचं कोमट पाणी, फडक्यानं नुसतं टिपायचं.

पण हे थोरल्या दिराला कोण सांगणार? बलगासेम अंगणात उभाच होता, हातात कतरानचा डबा – लाकूड जाळून काढलेलं ते काळं तेल, उंटाच्या खरजेवर लावतात ते. सात वर्षांपूर्वी त्यानं आधीच्या कुत्रीला, बर्काला, खरूज म्हणून असंच नाकापासून शेपटीपर्यंत माखलं. ती चाटत राहिली आणि तिसऱ्या दिवशी तोंडाला फेस येऊन गेली. आणि हा मेला त्या संध्याकाळी चवीनं चहा प्यायला! तेव्हापासून त्याच्यापुढे पेला ठेवताना ती रोज मनात त्याच्या नावानं बोटं मोडते.

"खरूज आहे," तो म्हणाला. "शेळ्यांना लागली म्हणजे?"

"साधे फोड आहेत, भावजी."

"आल्या मोठ्या डॉक्टरीणबाई! दुसरं कुत्रं असतं तर दगड मारून हाकललं असतं. शिकारी जातीची स्लूगी आहे, घरात निजते, म्हणून औषध करतोय."

"बर्कालाही औषधच केलं होतं तुम्ही."

तो हसला. "मी एकट्यानं? तिला धरून कोण बसलं होतं गं? 'धर' म्हटलं, धरलंस. एक शब्द तरी बोललीस?"

खोटं! दरडावलं होतं त्यानं, नवी नवरी होते मी, सासू समोर बसलेली... पण त्याचा दरडावणारा आवाज काही केल्या आठवेना. आठवला तो बर्काचा गळा, माझ्या काखेत दाबलेला, ऊबदार – आणि तिचे कान. पाहिले होते मी. स्वच्छ होते. मला कळलं होतं, तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी...

"चल, धर आता."

"हात तर लावून बघा!" मब्रूकानं रीमला दोन्ही हातांनी पोटाशी आवळलं. आवाजात जोर नव्हता. बलगासेमकडे बघायचंही तिला सुचलं नाही. कुत्री सुटायला धडपडत होती, आणि आपण तिला वाचवतोय की धरून देतोय, हे त्या मुक्या जीवाला कसं कळावं, तेच तिला कळत नव्हतं.