काचेवरचे नाव

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी नऊ महिने पूर्ण होण्याआधीच घाईघाईने या जगात आले असेल, तर त्याची नि माझी ओळख जुनी आहे. मी दवाखान्यातली काचेची पेटी. पोटात तापणारी तार, पुढे तापमान दाखवणारा काटा आणि बाजूला हात आत घालण्यासाठी दोन गोल खिडक्या. मूठभर जिवांना ऊब द्यायची, एवढेच माझे काम.

कारखान्यातल्या फिटरने माझा एकेक स्क्रू आवळला, काच फडक्याने लख्ख पुसली आणि "जा बाई, पोरं सांभाळ," असे म्हणून मला खोक्यात घातले. दवाखान्यात माझे कोण कौतुक झाले! कोणी पाहुणा आला की डॉक्टर त्याला मुद्दाम माझ्यापर्यंत घेऊन येत. पण एक गोष्ट मला सलत असे. माझ्याकडे येणाऱ्या बाळांना नावच नसे. चिकटपट्टीवर 'खाट सहाचे बाळ' एवढेच लिहिलेले. बाळ घरी गेले की पट्टी निघे, आणि पुढे त्याचे नाव काय ठेवले हे सांगायला कोणी परत येत नसे. सिस्टर मात्र हौशी होत्या, त्या स्वतःच टोपणनावे देत. सारखा पाय झाडणारा तो सायकलवाला, शिंकांवर शिंका देणारी ती मिरची. या नावांचे अर्थ शोधायला पुस्तक लागत नसे.

मग एका वर्षी पाटीवाला आला. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्याचा धंदा. त्याचा सव्वा किलोचा मुलगा माझ्यात होता. पाटीवाल्याच्या पिशवीत नावांच्या अर्थांचे एक पुस्तक असे, पानापानावर रंगाच्या बोटांचे ठसे उमटलेले.

"हे बघ," तो बायकोला म्हणाला, "फार जुन्या भाषेतला शब्द आहे. अर्थ काय, तर खूप वर्षं जगणारा. हेच ठेवायचं."

"अहो, आधी घरी तर येऊ दे त्याला."

"घरी यावा म्हणूनच तर ठेवतोय!"

दुसऱ्या दिवशी तो बारीक ब्रश आणि निळ्या रंगाची डबी घेऊन आला. सिस्टरांची पाठ वळताच त्याने माझ्या काचेवर बाहेरून ते नाव रंगवले. चार अक्षरे, आणि वळण असे की बघत राहावे.

"अहो, हे काय दुकान वाटलं तुम्हाला?" सिस्टर ओरडल्या. पण पुसायला त्यांचाही हात धजला नाही. इतक्या वर्षांत माझ्या अंगावर आलेले ते पहिले नाव. ते मी तुम्हाला सांगणार नाही, ते त्याच्या आईचे आहे.

मित्रांनो, पुढचे सांगताना मला फार जड जाते. पाचव्या दिवशी दुपारी माझ्या पोटातली तार सैल झाली आणि काटा होता तिथेच अडकला. काटा ऊब दाखवत राहिला, आत मात्र गार होत गेले. दर पाळीला वेगळा थर्मामीटर आत ठेवून माझा काटा पडताळायचा, असा नियम होता. त्या दुपारी सिस्टर एकट्याच होत्या आणि तीन बाळे एकदम रडत होती. त्यांनी माझ्या काट्यावर नजर टाकली आणि त्या पुढे गेल्या. मला ओरडता आले नाही. संध्याकाळी ते बाळ गेले.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने मला उघडून सिस्टरांना ती तार दाखवली. मग त्याने तार आवळली आणि काटाही दुरुस्त केला. दोघांत जे बोलणे झाले ते तिथेच राहिले. बाहेर बाळाच्या मावशीने वेगळेच कारण शोधले. "एवढं जड नाव कशाला ठेवायचं? एवढ्याशा जिवाला सोसलं नाही ते." पाटीवाल्याने ते खरे मानले. त्याने ब्लेड आणून स्वतःच्या हाताने अक्षरे खरवडली. तरीही तिरपे ऊन आले की ती दिसत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असे लोक म्हणतात. ती म्हण त्या नावासाठी नव्हती, माझ्यासाठी होती. ऊब देणारी म्हणून मला आणले होते ना!

दोन वर्षांनी पाटीवाला आणि त्याची बायको पुन्हा आली. या वेळी मुलगी, जेमतेम एक किलोची. आईने मला पाहताच ओळखले.

"ही पेटी नको."

पण दुसरी रिकामी नव्हती. आई स्टुलावर बसून राहू लागली, हात मांडीवर घट्ट धरून. सिस्टरांनी मुलीला "ठेंगणी राणी" म्हटले, तर ती उसळली. "तिला काही म्हणू नका. काही म्हणजे काहीच नाही." ती स्वतःही लेकीला हाक मारीना, खिडकीतून हात घालीना. मुलीचे वजन वाढेना. मला स्वतःचीच भीती वाटे. माझा काटा आताही खोटे बोलत असला तर?

नवव्या दिवशी दुपारी ऊन तिरपे झाले आणि काचेवर ती चार अक्षरे उमटली. आईचा बांध फुटला. "मी तेव्हाच अडवायला हवं होतं यांना. नावानं खाल्लं माझ्या पोराला."

सिस्टर आत थर्मामीटर ठेवत होत्या. त्या थांबल्या.

"नावाचा दोष नव्हता, ताई. पेटीची तार सैल झाली होती. काटा चुकीचं दाखवत होता. थर्मामीटर ठेवून बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही."

आई स्टुलावरून उठली. "आणि हे आत्ता सांगताय? दोन वर्षं माझा नवरा स्वतःला दोष देतोय. कुणी नावाची पाटी करायला सांगितली तर काम परत पाठवतो. तुम्हाला तोंड उघडता आलं नाही?"

सिस्टरांनी थर्मामीटर बाहेर काढला आणि आकडा लिहून ठेवला.

"जा इथून."

त्या गेल्या. बऱ्याच वेळाने आईने माझी गोल खिडकी उघडली आणि पहिल्यांदाच हात आत घातला. मुलीने तिचे बोट पकडले. "इथं तुझा दादा होता," आई म्हणाली, आणि तिने त्याचे नाव मोठ्याने घेतले.

नवऱ्याला तिने सगळे सांगितले. दोन दिवसांनी त्याने ते जुने पुस्तक पुन्हा आणले, पण तिने त्याला अर्थ वाचू दिले नाहीत. "हाक मारायला बरं वाटतं का, तेवढं सांगा." दोन अक्षरी नाव ठरले. त्याने आधी मुलाचे नाव होते तिथेच पुन्हा रंगवले आणि त्याच्या खाली मुलीचे. सिस्टरांनी ते दारातूनच पाहिले. आईने त्यांना कधी माफ केले नाही. दोघींत दर पाळीला एवढेच बोलणे होई.

"थर्मामीटर ठेवला?"

"ठेवला."

दीड महिन्याने मुलगी घरी गेली. मी आता अडगळीच्या खोलीत आहे, माझ्या पोटात जुन्या चादरी कोंबल्या आहेत. वॉर्डात नव्या पेट्या आल्या आहेत, त्यांचे आकडे लालबुंद उजळतात म्हणे. मित्रांनो, मोठे झालात की आपल्या बाळांना चांगल्या अर्थाची नावे हौसेने ठेवा. पण अर्थाने ऊब येत नाही. ती रोज हात घालून बघावी लागते. आणि चूक झाली तर सांगायला दोन वर्षे लावू नका.

एक दिवस भंगारवाला मला न्यायला येईल. काच फोडण्याआधी तिच्यावरची दोन्ही नावे कोणीतरी मोठ्याने वाचा. वरचे आधी वाचा.