अलोइस कोणाच्या बाजूचा

करार करायचा ठरला, पण कागद सापडेना. सरकारने समुद्राची नाकेबंदी करून चार वर्षं झाली होती; बोगनविल बेटावरच्या त्या खोऱ्यात मीठ नव्हतं, रॉकेल नव्हतं, मग कागद कुठला? जंगलात लपून लढणाऱ्या बंडखोरांचा, म्हणजे जंगलवाल्यांचा कमांडर दामियन म्हणाला, "तोंडीच करू की." सरकारी छावणीच्या आश्रयाने त्यांच्याशी लढणाऱ्या छावणीवाल्यांचा कमांडर योआकिम म्हणाला, "तुझ्या तोंडावर भरवसा असता तर लढलो कशाला असतो?" शेवटी दोघांनी ब्लांडिनाला बोलावणं धाडलं. दवाखान्याच्या रजिस्टरची मागची अकरा पानं कोरी होती, आणि खोऱ्यातलं लिहिणारं एकमेव पेनही तिच्याचकडे होतं.

ब्लांडिना नर्स होती आणि नोंदींच्या बाबतीत कडक होती. मृत्यूचं कारण ठाऊक नसेल तर ती 'माहीत नाही' असं लिहायची, अंदाज ठोकायची नाही. फक्त एक नोंद तिने केलीच नव्हती. तिचा थोरला भाऊ अलोइस तीन वर्षांपूर्वी नदीपलीकडे मलेरियाच्या गोळ्या आणायला गेला, तो परतला नाही. गोळ्या तो दोन्हीकडच्या आजाऱ्यांना पोचवायचा, म्हणून दोन्हीकडचे त्याला हेर म्हणायचे. त्या खोऱ्यात जमीन आईकडून लेकीकडे जाते, आणि कुळातला माणूस त्याच जमिनीत पुरला गेला नाही तर कुळाला चैन पडत नाही. मरताना आईने एवढंच विचारलं होतं, "त्याची हाडं कुठंयत?" ब्लांडिना रजिस्टर काखेत मारून बैठकीला आली ती त्याच्यासाठी. करार वगैरे नंतर.

बैठक म्हाताऱ्या कोइरानाच्या अंगणात होती. त्याला दोन्ही बाजू आजोबा म्हणत, आणि दोन्ही बाजूंनी त्याचं घर एकेकदा जाळलं होतं. आधी सुपारी. रिवाजाप्रमाणे एकमेकांचा चुना खायचा होता. योआकिमने दामियनची चुन्याची डबी हुंगली.

"विष नाही रे," दामियन म्हणाला. "विष परवडतंय कुणाला?"

"तू आधी खा."

"माझाच चुना मीच खाल्ला तर रिवाज कसला?"

"दोघं एकदम खा," आजोबा ओरडले, "नाहीतर दोघांच्याही तोंडात मीच कोंबतो."

मग मेलेल्यांची मोजणी सुरू झाली. दोन्हीकडचे सारखे भरले तर कुणी कुणाचं देणं लागत नाही. कमी-जास्त भरले तर ज्यांनी जास्त मारले त्यांनी माणसामागे पाच डुकरं द्यायची. सगळ्या खोऱ्यात मिळून डुकरं उरली होती चार, त्यातलं एक आंधळं. त्यामुळे जंगलवाले सहा आणि छावणीवाले सहा असा हिशेब जुळला तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मेलेले इतके समजूतदार निघतील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"एक राहिला," ब्लांडिना म्हणाली. "अलोइस."

दामियन पचकन थुंकला. "तो आमचा नव्हता, सिस्टर. तो छावणीचा हेर."

"आमचा?" योआकिम हसला. "तो जंगलचा हेर. शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं."

"मग सातवा कुणाचाच नाही?" आजोबांनी डोकं खाजवलं. "ज्याचा असेल त्याला पाच डुकरं मिळतील, म्हणून विचारतो."

मग दामियनचा आवाज एकाएकी भरून आला. "अलोइस माझ्या भावासारखा होता. आमच्यासाठी त्यानं जीव दिला."

"तुमच्यासाठी? अरे, छावणीचा खांब होता तो! गेल्या रविवारीच मी त्याच्यासाठी प्रार्थना केली."

"गेल्या रविवारी तू माझ्यावर गोळ्या झाडत होतास."

"ते प्रार्थनेनंतर."

ब्लांडिनाने दोघांचं बोलणं संपेपर्यंत वाट पाहिली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, पण आवाज वॉर्डातलाच होता. "तो जंगलचा असेल तर मारला छावणीनं. छावणीचा असेल तर मारला जंगलनं. ज्यानं मारला त्याला जागा ठाऊक असणार. जागा कुठाय?"

"आम्ही नाही मारला," दोघं एकदम म्हणाले. दिवसभरात त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"मग तो जिवंत आहे म्हणायचा," आजोबा म्हणाले. "तीन वर्षं घरी तोंड दाखवलं नाही. पोराला वळण नाही."

ब्लांडिनाने पेनाला टोपण लावलं आणि रजिस्टर मिटलं.

"सिस्टर, आता काय झालं?"

"शाई संपली."

शाई संपली नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. अंगणाबाहेर दोन्हीकडची पोरं बंदुका मांडीवर घेऊन उकडलेली रताळी खात बसली होती. करार मोडला तर त्यांना घास टाकून उठावं लागणार होतं. आजोबा हळूच म्हणाले, "पोरी, तुला काय हवंय ते सांग ना."

तिने रात्र-रात्र जागून ठरवलेलं सांगितलं. अलोइस कुणाच्याच यादीत नको. मृत्यूचं कारण ती लिहील मलेरिया. डुकरं नकोत, नाव नको, भांडण नको. ज्याला जागा ठाऊक असेल त्याने उद्या सकाळी नदीच्या वाटेवरच्या ओढ्याच्या उतारावर एकट्याने यायचं. आयुष्यातली पहिली खोटी नोंद तिने करारासाठी जमलेल्या सगळ्यांसमोर, सुवाच्य अक्षरात केली.

दोन्ही कमांडरांना ही युक्ती इतकी आवडली की दामियन लगेच पुढे सरकला. "सिस्टर, पुलावर तो एक मेला होता ना, त्यालाही मलेरियाच टाका की. बरं दिसेल."

"पुलावर सहा जण मेले होते."

"साथ होती."

"साथ एवढीच पुरे," ती म्हणाली.

सकाळी ती फावडं घेऊन उतारावर गेली तेव्हा दामियन दगडावर बसलेला होता. तिला वाटलं होतंच, हाच असणार. तेवढ्यात गवत हललं आणि वरून योआकिम उतरला. दोघं एकमेकांना बघून चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"तू कशाला आलास?"

"तू कशाला आलास?"

"मी एकालाच बोलावलं होतं," ब्लांडिना म्हणाली.

मग दामियनने ओढ्यातला एक सपाट खडक दाखवला. "इथे त्याला ताप चढला. आम्ही या बाजूला होतो."

"आम्ही त्या बाजूला," योआकिम म्हणाला. "तो मधून गोळ्यांची पिशवी डोक्यावर धरून ओरडत येत होता. ताप एकदमच आला. कुणीकडून, ते कळलं नाही. संध्याकाळी हे लोक निघून गेले, मग आम्ही त्याला वर ओढला. फणसाच्या झाडाखाली आहे."

"त्रास झाला का त्याला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाही," दामियन म्हणाला. "फार नाही," योआकिम म्हणाला.

माती मऊ होती. ब्लांडिनाने एकेक हाड पुसून केळीच्या पानावर मांडलं. डाव्या खांद्याच्या पात्यात एक भोक होतं. एका बाजूला कडा गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला टवके उडालेले. गोळी कुठून शिरली आणि कुठून निघाली, हे शिकलेल्या माणसाला लपत नाही. तो कुणाकडे तोंड करून येत होता तेवढंच विचारायचं बाकी होतं. दोघंही तिच्या हातांकडे बघत होते.

"काय दिसतंय, सिस्टर?" शेवटी योआकिमने विचारलं.

तिने पातं पालथं ठेवलं आणि वर पान झाकलं. मग उजव्या हाताची हाडं मोजली, पुन्हा मोजली.

"हाताला सत्तावीस असतात. ही एकोणीसच आहेत," ती म्हणाली. "बसा खाली. दोघांनी मिळून माती चाळा. आठ सापडल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

कमांडर योआकिमने बंदूक झाडाला टेकवली. कमांडर दामियनने त्या बंदुकीशेजारी आपली टेकवली. मग दोघं गुडघ्यावर बसून बोटांनी माती चाळू लागले.