बरगड्यांखालची कोठी

मी एक जुनी कोठी आहे, मित्रांनो, पण मला ना दार ना कुलूप. उजव्या बरगड्यांखाली माझी जागा. डॉक्टर मला यकृत म्हणतात. जिची मी आहे, ती बावीस वर्षांची मुष्टियोद्धा. सगळे तिला ‘वाघीण’ म्हणतात.

तिने भात, बटाटा, पाव खाल्ला की त्याची साखर होऊन माझ्याकडे येते. त्या साखरेचे कण गुंफून मी फांद्याफांद्यांच्या साखळ्या करते आणि गरज पडली की एकेक कडी तोडून रक्तात सोडते. दंडांतही साठा असतो, पण ते स्नायू पक्के आपमतलबी! मेंदूला कणभर देत नाहीत. त्याला पोसायचं मी.

संघनिवडीच्या तोंडावर काटा तिच्या वजनगटापेक्षा दीड किलो जास्त दाखवू लागला.

“दोन दिवस तोंड बंद ठेव,” प्रशिक्षक म्हणाले.

“सर, ती माणूस आहे, फुगा नाही हवा काढायला!” तिची ताई उसळली.

पण वाघीण उपाशीपोटी, जाड स्वेटर घालून धावत राहिली. दुसऱ्या दिवशी माझा तळ दिसला. मग तिचेच स्नायू झिजवून मी साखर करू लागले. वजन उतरलं. पण पुढच्या लढतीसाठी उद्या पुन्हा वजन होणार होतं, म्हणून लढतीआधीही तिने घास घेतला नाही.

घंटा झाली. पहिल्या फेरीत तिने समोरचीचं नाक फोडलं. दुसरीत समोरचीचा डावा ठोसा थेट माझ्यावर बसला. मी आतल्या आत ठेचले गेले. ती खाली कोसळली. पंचांनी आठपर्यंत आकडे मोजले, तोवर ती उठली. मेंदू आक्रोश करत होता, “साखर दे!” माझ्याकडे खडखडाट. तिचे हात खाली आले आणि तोंडावर सटासट ठोसे बसले. भुवई फुटली, ओठ फाटला, भुवईचं रक्त डोळ्यांत ओघळलं.

“एकच मिनिट! टिकून राहा!” प्रशिक्षक ओरडले.

शेजारी उभ्या ताईने त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल हिसकावला आणि हार मान्य असल्याची खूण म्हणून रिंगणात फेकला. लढत थांबली. निवड गेली.

“कुणी सांगितलं होतं तुला?” वाघीण किंचाळली. “मला संपवलंस तू!”

“बरं, संपवलं. हे केळं खा, मग मला ठोसे मार. आत्ता तर तुझा ठोसा माशीलाही लागायचा नाही.”

फाटक्या ओठाने, रडत, ताईला वाट्टेल ते बोलत तिने केळं खाल्लं.

मित्रांनो, आम्हा यकृतांना ओरडता येत नाही, मागून घेता येत नाही. तुमची कोठी रिकामी ठेवून तिच्याकडून बळ मागू नका.

थोड्या वेळाने साखर माझ्यापर्यंत आली. ती सगळी मी मेंदूकडे पाठवली. माझ्यासाठी एक कणही ठेवला नाही.