आरशातला डावा हात

माझा डावा हात कोपराखाली चार बोटं जागा सोडून डॉक्टरांनी काढून टाकला, त्याला आता वर्ष होत आलं. गेलेला हात दुखत नाही असं ज्याला वाटतं त्याने माझ्या दुकानात येऊन बसावं, चहा मी पाजीन. पहिले कितीतरी महिने असे गेले: नसलेली बोटं मुठीत आवळलेली आहेत, नखं तळव्यात रुतली आहेत, आणि ती मूठ मला सोडवता येत नाही. सोडवायला मूठ आहे कुठे? चोळायला जावं तर हाताला हवा लागते. डोळे सांगतात की तिथे काही नाही, आणि दुखणं म्हणतं, मी आहे की!

मी कपडे शिवते. कोट, शाळेचे गणवेश, जाड्या माणसाला जरा बारीक दाखवणारे सदरे. दुकान आमचं दोघांचं होतं. हे माप घ्यायचे, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचे, आणि मी आत कापायला बसायचे, कारण माझ्या तोंडाने गिऱ्हाईक पळतं असं यांचं म्हणणं. खरंही होतं ते. आता हे नाहीत. ज्या अपघातात माझा हात गेला त्यातच हे गेले. आता कापडावर वजन म्हणून इस्त्री ठेवते आणि उजव्या हाताने कात्री चालवते. दुसरीकडून कापड धरायला वन्सं, म्हणजे यांची धाकटी बहीण. आधी आमचं दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, आता एका घरात राहतो, एका ताटलीत खातो आणि तरीही भांडतो.

दुखण्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग मोठ्या गोळ्या दिल्या, मग हात टेकले. त्यांना काय, टेकायला दोन होते. शेवटी त्यांनी मला त्याच दवाखान्याच्या मागच्या इमारतीत एका बाईंकडे पाठवलं. हातापायांचे व्यायाम घेणाऱ्या बाई, पण मी त्यांचं नाव पाडलं आरसेवाल्या बाई.

त्यांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा आणि टेबलावर मधोमध उभा केलेला आरसा. उरलेला डावा हात आरशाच्या मागे लपवायचा, उजवा पुढे ठेवायचा आणि तिरकं आरशात बघायचं. बघितलं तर काय, माझा डावा हात परत आला होता! उजव्याचंच प्रतिबिंब, कळत होतं मला. मी काय खुळी आहे? उलटसुलट बाजू मला शिकवायच्या नाहीत. कापड दुमडून कापलं नाही तर एकाच कोटाला दोन उजव्या बाह्या निघतात, ही चूक केलेल्या कितीतरी पोरींना मी झापलेलं आहे. तरी मी त्या हाताची बोटं मोजलीच.

"मेंदूत तुमच्या सगळ्या अंगाचा नकाशा असतो," बाई म्हणाल्या. "पाठीला त्यात टीचभर जागा, बोटांना मात्र ऐसपैस. हात गेला, पण नकाशातली त्याची जागा गेली नाही. तिथून हुकूम सुटतो, मूठ आवळ. नेहमी हाताकडून नसांमधून उलट निरोप यायचा, की आवळली, आता बास. तो निरोप आता येत नाही. मग मेंदूला वाटतं, ऐकलं नाही वाटतं, आणि तो आणखी जोरात ओरडतो."

"आमच्या सासूबाई तशाच होत्या," मी म्हटलं. "ओ दिली नाही की आवाज चढायचा."

बाई हसल्या. मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगून डाव्या गालावर कापसाचा बोळा फिरवला. मी दचकून ओरडलेच. कापूस माझ्या अंगठ्याला लागला होता. नसलेल्या अंगठ्याला! बोळा खाली हनुवटीकडे आला तशी करंगळीला गुदगुली झाली.

"नकाशात हाताच्या शेजारी चेहरा राहतो," बाई म्हणाल्या. "हाताची जागा ओस पडली की शेजारी पाय पसरतात. म्हणून गालाला लागलेलं मेंदू हातालाही लागलं म्हणून घेतो."

तेव्हा मला एक कोडं उलगडलं. रडताना माझी मूठ आतून ओली का होते, ते.

"आता सांगा, हात मुठीतच का अडकला? शेवटच्या क्षणी तो कसा होता?" बाईंनी विचारलं. "फार घाबरलो की मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी रक्तात असलं काही सोडतात की छाती धडधडते, अंगात बळ येतं, आणि त्या वेळचं सगळं डोक्यात खोल ठसतं. हात कधीकधी तसाच ठसून राहतो. काय होतं हातात?"

"पिशवी," मी म्हटलं.

साफ खोटं. आम्ही दोघं ठोक बाजारातून अस्तराचं कापड घेऊन बसने परत येत होतो. हे खिडकीशी, मी यांच्या उजवीकडे. वळणाच्या रस्त्याला मला मळमळतं म्हणून माझा डावा हात यांनी आपल्या उजव्या हातात घेतलेला, नेहमीसारखा. बस घसरली आणि डाव्या अंगावर पडली. खिडकीचा पत्रा यांच्या अंगावर, समोरचं बाक मोडून आमच्या हातांवर. माझा हात तेव्हा निघत होता. यांचा नव्हता निघत. हे म्हणाले, "सोड. अगं सोड, बस सरकतीये." मी सोडला नाही. उलट आणखी आवळला. मग बस सरकली.

त्यामुळे त्या मुठीत पिशवी नव्हती, हे होते. यांची बोटं, यांची ती बाकदार करंगळी, सगळं मला अजून लागत होतं. दुखणं जीव खात होतं, पण दुखण्याच्या आत हे होते. आणि आरसेवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं, "आरशात मूठ उघडताना बघत राहिलात की आतली मूठही सैल होईल. दुखणं जाईल. मात्र हळूहळू तो हातही लहान होत जाईल, कदाचित नाहीसा होईल."

म्हणजे एकदा मेलेल्या माणसाला मी आता व्यायाम करून करून घालवायचं!

मग मी लबाडी सुरू केली. बाई म्हणायच्या, "आता दोन्ही मुठी उघडा," की मी उजवी उघडायचे, पण नजर आरशाच्या चौकटीवर ठेवायचे. चौकटीचा एक टवका उडालेला होता, तो मला पाठ झाला. बघितलंच नाही तर मेंदूला कळणार कसं? बाई बिचाऱ्या आरसा पुसायच्या, खुर्ची सरकवायच्या, पुस्तकं चाळायच्या. मला त्यांची दया यायची, पण बधले नाही.

हे असंच चाललं असतं. पण एका गिऱ्हाइकाचा लग्नाचा कोट कापताना ऐन छातीच्या भागाशी मुठीत कळ आली आणि कात्री आडवी गेली. भारी कापड, त्याला जोडही मिळेना. दुसरे दिवशी चहा ओतताना कळ आली आणि चहा वन्संच्या पायावर. वन्संनी पाय पाण्यात बुडवून ठेवला आणि म्हणाल्या, "वहिनी, आज मी येते तुझ्याबरोबर. बघू तरी ती बाई काय दिवे लावते."

त्या आल्या, कोपऱ्यात सांगाड्याशेजारी बसल्या आणि अर्ध्या तासात मला पकडलं. यांच्या घराण्याची नजरच तशी.

"अहो बाई, ही आरशात बघतच नाहीये! मघापासून चौकटीकडे बघतीये."

आरसेवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी खुर्ची ओढली, शेजारी बसल्या आणि हळूच विचारलं, "पिशवी नव्हती ना हातात?"

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. सुटला तो थांबेचना. बस, वळण, बाक, सगळं सांगितलं. सोड म्हणाले तेही सांगितलं. गालावरून पाणी ओघळत होतं आणि मूठ ओली होत होती, तेही सांगितलं.

वन्सं उठून उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, म्हणतील वेडी आहेस, हट्टी आहेस, त्याचं ऐकलं असतंस तर हात तरी राहिला असता. पण त्यांचा चेहरा भलताच झाला होता.

"दादा आहे अजून तुझ्याकडे?" त्या म्हणाल्या. "इतके दिवस तू त्याचा हात धरून बसलीयेस, आणि मला सांगितलं नाहीस? मी पलीकडच्या खोलीत उशीत तोंड खुपसून... आणि तू एकटीने?"

खरंच एकटीने ठेवला होता. बहिणीच्या वाटणीचाही ठेवला होता. असं काही आपल्याकडून झालंय हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

"मलाही धरू दे ना, वहिनी," वन्सं म्हणाल्या, लहान मुलीसारख्या.

आरसेवाल्या बाईंना काहीतरी सुचलं असावं. त्यांनी वन्संना माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही वहिनींचा उजवा हात हातात घ्या. वहिनी, तुम्ही आरशात बघा. या वेळी खरंच बघा."

वन्संनी हस्तांदोलन करतात तसा उजवा हात दिला. मी आरशात बघितलं आणि चिडले. "हे नाही. हा यांचा हात नाही. अंगठा भलतीकडे आलाय. दोन उजव्या बाह्या जोडताय तुम्ही! आरशात उजवा हवा असेल तर इकडे डावा पाहिजे. उठा, समोरून उठा वन्सं. माझ्या उजवीकडे बसा, बसमध्ये बसल्यासारख्या."

बाईंनी मुकाट्याने खुर्ची हलवली. वन्सं माझ्या उजव्या हाताला, खांद्याला खांदा लावून बसल्या आणि त्यांनी आपला डावा हात माझ्या उजव्या हातात दिला. जाडसर बोटं, आणि आत वळलेली ती करंगळी. त्यांच्या घराण्यात सगळ्यांचीच तशी, दोन्ही हातांची.

मी आरशात बघितलं. माझ्या डाव्या हातात यांचा उजवा हात होता.

यांचाच. खिडकीशी बसलेले, बाही जरा वर सरकलेली. मी आवळला तर आरशात आवळला गेला, आणि त्यांनी उलट दाबला. कित्येक महिने ज्या निरोपाची वाट बघत माझा मेंदू बोंबलत होता तो निरोप आला. इतके दिवस मी हात धरला होता, आणि हातात हात आहे असं मात्र आज पहिल्यांदा वाटलं. मी ओक्साबोक्शी रडले. वन्संनी मान वाकवून माझ्या डोक्याला डोकं लावलं. त्यांनाही आरशात बघायचं होतं.

"दादा," त्या म्हणाल्या. एवढंच.

किती वेळ बसलो होतो कोण जाणे. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मग वन्संचा आवाज कानाशी आला, आणि मला त्या कधीच नुसतं अगं म्हणत नाहीत, नेहमी वहिनी म्हणतात.

"सोड," त्या म्हणाल्या. "अगं सोड."

यांचं सगळं तसंच होतं त्या आवाजात. वैताग नाही, भीती नाही, नुसती माझी काळजी. त्या दिवशी बसमध्ये मला तेवढी एकच गोष्ट ऐकू आली नव्हती. मी आरशावरची नजर काढली नाही. एकेक बोट उचललं. यांचा हात हळूहळू मागे गेला, करंगळी सगळ्यात शेवटी. आरशात माझा डावा हात उघडा पडला, तळवा वर. आणि त्या तळव्याला वारं लागलं. रुतलेली नखं सुटली. इतकं बरं वाटलं की मला माझीच लाज वाटली.

"गेले," मी म्हटलं.

आता कळ क्वचित येते. कोट सरळ कापले जातात, आणि ज्याचा बिघडवला त्याला दुसरा शिवून दिला. हात मात्र बाई म्हणाल्या तसा लहान होत चाललाय. आधी पूर्ण लांबीचा होता, आता तळवा कोपराजवळ आल्यासारखा लागतो, लहान पोराच्या हाताएवढा. उघडाच असतो. दुपारी दुकान बंद करून घटकाभर आडवी होते तेव्हा मी तो यांच्या बाजूला ठेवते. रिकामा आहे, मला कळतं. तरी ठेवते. मला हे हवे आहेत, दुसरं काही नको, आणि त्यावर कुठल्या बाईंकडे व्यायाम नाही.

परवा वन्सं शेजारी येऊन पडल्या. "आहे का गं अजून?" त्यांनी विचारलं.

"हात आहे," मी म्हटलं. "हातात कुणी नाही."

त्या कुशीवर वळल्या आणि आपला हात माझ्या डाव्या गालावर ठेवला, सगळी बोटं, बाकदार करंगळी हनुवटीपाशी. माझ्या उघड्या तळव्यात कुणीतरी हात दिला.

मी मूठ आवळली नाही.