सतरा बोकडांचं कार्ड

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मेंढवाड्यात त्रेसष्ट मेंढ्या, अकरा कोकरं आणि चौतीस शेळ्या-बोकड होते. मेंढ्यांपैकी चार लंगडत होत्या, तीन पुढच्या पायानं आणि एक मागच्या डाव्या पायानं. चौतिसांतली सव्वीस जनावरं वैष्णवीच्या नावाची होती. नऊ शेळ्या आणि सतरा बोकड.

नावाची म्हणजे खरोखर तिच्या मालकीची. तिच्या बापाच्या, मल्हारीच्या घरात रीत होती की लेकराच्या बारशाला पाळण्याच्या पायाला एक पाट, म्हणजे न व्यालेली कोवळी शेळी, बांधायची. तिची पुढची सगळी वेल त्या लेकराची. लेकरानं हो म्हटल्याशिवाय बापानंही त्यातल्या एकाचं दावं सोडायचं नाही. वैष्णवीच्या वेलीनं तिची परभणीतली बी.एस्सी. केली, मग एम.एस्सी. केली, आणि तरी दावणीला सव्वीस उरली होती.

"कितीला आलंय गं तुजं कार्ड?" मल्हारीनं मेंढवाड्याची जाळी उचलत विचारलं.

"बारा हजाराचा बोकड धरला तर सतरा बोकडांचं."

"म्हंजी समदेच. बनवणाऱ्यानं आपल्या दारात येऊन बोकडं मोजून भाव ठेवला म्हण की!"

हे कार्ड म्हणजे संगणकात बसवायचं ग्राफिक्स कार्ड, बत्तीस जीबी मेमरीचं. वैष्णवी दीड वर्षापासून रोज सकाळी मेंढवाड्याच्या तोंडाशी मोबाइल बांधून बाहेर पडणाऱ्या मेंढ्यांचं चित्रण करत होती. पावसाळ्यात खुरं सडतात. मेंढी लंगडायला लागली की उशीर झालेला असतो, पण त्याच्या एक-दोन दिवस आधी तिच्या चालीत बारीक फरक पडतो, असं तिला चित्रणं पुन्हा पुन्हा बघताना वाटलं होतं. तो फरक संगणकाला शिकवायचा होता. हैदराबादच्या एका संस्थेनं तिला लेखी कळवलं होतं: आम्ही शंभर चित्रफिती पाठवू, पन्नास लंगडणार असलेल्या मेंढ्यांच्या, पन्नास चांगल्या मेंढ्यांच्या. तीस जूनपर्यंत त्यांतल्या पंच्याऐंशी बरोबर ओळखून दाखवा, मग दोन वर्षांची पाठ्यवृत्ती तुमची, गावात राहून काम करा. नाही जमलं तर पुण्याच्या एका कंपनीचं पत्र घरात येऊन पडलं होतं. तिथं दिवसभर पडद्यापुढं बसून दुसऱ्याच्या मशीनला शिकवण्यासाठी फोटोंवर चौकटी काढायच्या होत्या.

इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या संगणकावर काम करून बघितलं होतं. झरीच्या पुढच्या त्यांच्या वस्तीवरून एवढं चित्रण इंटरनेटवर चढवायला जो वेळ लागत होता, त्यात एक शेळी व्याली असती. कार्ड घरातच हवं होतं.

मल्हारीनं एका बोकडाच्या पाठीवर हात ठेवला. "मग ह्या हप्त्यात नेऊ बाजारात?"

"थांबा आबा," वैष्णवी म्हणाली. "भाव पडणार हाय."

ती उगाच बोलत नव्हती. चार वर्षांमागं, ती बी.एस्सी.ला असताना, लोक संगणकावर आभासी नाणी काढत आणि त्यासाठी कार्डांचे ढीग विकत घेत. मग तो धंदा बसला, ढीग बाजारात आले आणि सहा-सात महिन्यांत भाव निम्म्यावर आला. तिनं त्याचा आलेख काढून वसतिगृहाच्या भिंतीला लावला होता. आवक वाढली की भाव पडतो. मानवतच्या कापसाला जे लागू, ते कार्डाला का लागू नसावं? त्यात जानेवारीत नवीन कार्डं येणार अशी बोलवा होती. नवं आलं की जुनं उतरतं.

मल्हारीला हे एकदम पटलं, कारण त्याच्याही मनात तेच होतं, फक्त उलट्या बाजूनं. "ब्येस! मे महिन्यात बकरीईद. हेच बोकड अठरा हजाराला जातील. तुजं खाली येऊ दे, माजं वर जाऊ दे. मधी गाठ पडंल."

वैष्णवीची आई भागुबाई चुलीपुढून म्हणाली, "एकजण वर बगा, एकजण खाली बगा. मधी बोकडं चारा खाऊन राहिलीत, ती कोण बगणार?"

"माय, तुला बाजारातलं कळत न्हाई."

"व्हय बाई, मला कसं कळंल. मी एम्मेस्सी कुटं केलीय."

संक्रांतीनंतर वैष्णवी परभणीला योगीराजच्या दुकानात गेली. योगीराज स्टेशनच्या रस्त्यावर संगणक विकायचा आणि दुरुस्त करायचा. तिच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तो तिला उधारीवर पेन ड्राइव्ह देत आला होता. त्यानं भाव सांगितला आणि तिनं तो मनातल्या मनात बोकडांत केला. बावीस.

"दादा, नवीन कार्डं यायची होती ना?"

"यायची होती. आली न्हाईत. अन् जुनं बी मिळायला तयार न्हाई. ताई, सकाळचा रेट सकाळी. तुमी चहा पिऊस्तोर बदलतोय, म्हणून मी कागदावर लिहून देत न्हाई." त्यानं काचेच्या कपाटाकडं बोट दाखवलं. "हा एक पीस हाय. पिंगळीचा लग्नाचे व्हिडिओ करणारा सोनू दोनदा येऊन बगून गेलाय. तुमी निम्मे टाकून जा, मी दोन महिने ठिवतो. माजं ऐका."

खोक्यावर तिनं हात ठेवला, उचलून बघितलं. अपेक्षेपेक्षा जड होतं. मग परत ठेवलं.

"भाव का वाढला तेच मला कळंना. कारण कळल्याशिवाय कसं घेऊ?"

योगीराज हसला. "कारण कळलं तर स्वस्त मिळतंय का?"

कारण शोधायला तिला आठवडा लागला. कार्डावर जी वेगवान मेमरी लागते, ती करणारे कारखाने जगात मोजके. आता बोलणारी, लिहिणारी, चित्रं काढणारी मोठी मशीनं उभी राहत होती, एकेका गोदामात हजारोंनी, आणि त्यांनाही मेमरीच लागत होती. गोदामवाले दुप्पट-तिप्पट मोजत होते, वर्षभराचं उत्पादन आधीच बांधून ठेवत होते. कारखान्यांनी आपला माल तिकडं वळवला. घरच्या कार्डासाठी उरेल ते. मागच्या वेळचे नाणीवाले दुकानातूनच कार्डं उचलत होते, म्हणून त्यांचा धंदा बसल्यावर तीच कार्डं दुकानात परत आली. हे गोदामवाले कार्डं उचलतच नव्हते. त्यांचा धंदा बसला तरी त्यांची मशीनं कुणाच्या घरातल्या संगणकात बसणारी नव्हती.

म्हणजे भिंतीवरचा आलेख बरोबर होता, पण तो दुसऱ्या गोष्टीचा आलेख होता.

हे सगळं तिनं मल्हारीला मेंढ्यांमागं चालता चालता सांगितलं. तो मधे मधे हुर्र करत ऐकत होता.

"म्हंजी गायरानाला कुणीतरी तारेचं कुंपण घातलं," तो शेवटी म्हणाला.

"व्हय. तसंच."

"अन् दुसरं गायरान?"

"नवीन कारखाने बांधायलेत. पण त्यातनं माल निघायला दोन-तीन वर्षं. सत्तावीसच्या शेवटाला, न्हाईतर अठ्ठावीसला भाव उतरंल म्हणतेत. त्ये बी अंदाजानं."

"तीन वर्षांत बोकड चिवट हुतंय, पोरी. कुणी फुकट बी नेणार न्हाई." त्यानं मागं राहिलेल्या एका मेंढीला पुढं हाकललं. "मग आज बावीस लागतेत अन् आपल्यापाशी सतरा. जाऊन त्या योगीराजला निम्मे दिऊ या का?"

तिनं हिशेब केला. वाळूत काठीनं लिहून त्याला दाखवलाही. आज विकले तर बोकड बाराचा. ईदेला अठराचा. कार्ड आहे तिथंच थांबलं तर ईदेच्या भावानं पंधराच बोकडांत येतं, वर दोन शिल्लक. आज विकून निम्मे भरले तर उरलेल्या निम्म्याला पुरेसे बोकड राहतच नाहीत. गणितात चूक नव्हती. मल्हारीनं दोनदा तपासलं, बोटांच्या पेरांवर.

"मग ईदच," तो म्हणाला. उभ्या जन्मात त्यानं ईदेआधी बोकड विकलेला नव्हता. त्याच्या बापानंही नाही.

फेब्रुवारीत सोनूनं ते खोकं नेलं.

मे महिन्यात, ईदेच्या आधीच्या बाजाराला, टेम्पोत सतरा बोकड घालून दोघं मानवतला गेले. बाजाराच्या तोंडाशीच टेम्पो अडकला. पुढं टेम्पो, मागं टेम्पो, आणि प्रत्येकात बोकड. जिंतूरकडचे, सेलूकडचे, पाथरीकडचे. उन्हानं चारा संपला होता आणि सगळ्यांनीच मल्हारीसारखं ईदेपर्यंत दम धरला होता. बाजाराच्या मैदानात माणसापेक्षा बोकड जास्त, आणि व्यापारी सावलीत निवांत पान खात बसलेले.

मल्हारीच्या ओळखीचा एक म्हातारा व्यापारी उठून आला. सगळे त्याला हाजीसाब म्हणत. त्यानं एकेका बोकडाचे दात बघितले, पाठ चाचपली आणि खांद्यावरचा रुमाल काढला. इथला सौदा अजून तसाच व्हायचा: रुमालाखाली हात, बोटं दाबून भाव, शेजाऱ्याला कळायचं नाही.

मल्हारीनं हात मागं घेतला. "हाजीसाब, माल लेकीच्या नावाचा हाय. हात ती घालंल."

म्हातारा क्षणभर थबकला. मग त्यानं रुमाल पुढं धरला. वैष्णवीनं त्याखाली हात घातला. त्यानं फक्त तिच्या बोटांची टोकं धरली, सावकाश, शिकवल्यासारखी. आधी एक बोट. मग परत एक.

अकरा.

तिनं मान हलवली. आपल्या बोटांनी अठरा सांगितले. रुमालाखाली त्याचा हात नुसता थांबून राहिला.

"बेटा," तो हळू आवाजात म्हणाला, "दिल मेरा भी अठरा बोल रा. लेकिन माल देख. पूरा जिल्हा बोकड रोक के बैठा था. आवक इतनी हो गई तो भाव कहां से आएगा?"

वैष्णवीनं रुमालाखालून हात काढून घेतला.

"चौदा तरी करा, हाजीसाब," मल्हारी म्हणाला. "घरची लेक हाय."

"घरची म्हणून तो अकरा बोल रा हूं. उधर नौ में देरेत लोगां. जा, फिर के आ."

ते फिरून आले. साडेनऊ, दहा, एकानं तर सात. परत नेलं तर टेम्पोचं भाडं दुप्पट, आणि ईदेनंतर त्यांना विचारतं कोण. दुपारच्या नमाजानंतर सतराही बोकड अकरानं गेले. शेवटच्याचं दावं वैष्णवीनं स्वतः सोडलं आणि हातात गुंडाळून ठेवलं.

बाजारातूनच तिनं योगीराजला फोन लावला.

"ताई, आता विचारू नका," तो म्हणाला. तिनं विचारलंच. त्यानं सांगितलं.

"किती झालं?" मल्हारीनं विचारलं.

"अकराच्या भावानं एकतीस."

"एकतीस!" त्यानं टोपी काढून डोकं पुसलं. "बारीक-सारीक दुसरं कायी न्हाई का? त्याचं पिल्लू?"

तिनं तेही विचारलं होतं. "सोळा जीबीवालं यायचं बंद झालंय. आठचं हाय. माज्या लॅपटॉपात सहाचं हाय. त्यात अन् ह्यात कायी फरक न्हाई."

"पैसे घे मग. तुज्या नावाचे हायेत. पुण्यात खोलीला लागतील." एवढं बोलून तो टेम्पोच्या पुढच्या बाजूला जाऊन उभा राहिला, ड्रायव्हर अजून आलेला नसताना.

संस्थेच्या शंभर चित्रफिती जूनच्या पहिल्या आठवड्यात आल्या. पुण्याचं रुजू होण्याचं पत्र दोन दिवसांनी आलं. भागुबाईनं ते देवाच्या फोटोमागं ठेवलं आणि शेंगदाण्याची चटणी करायला घेतली, जास्तीची, डबाभर.

"किती करतीस माय? मी अजून गेले कुटं."

"टिकती ती. न्हाई गेलीस तर आमी खाऊ."

वैष्णवीनं जुन्याच लॅपटॉपवर काम सुरू केलं. चित्रण सहा जीबीत बसवायचं तर चित्र लहान करावं लागत होतं. तिनं सगळं करून बघितलं: कडा कापल्या, रंग काढून टाकले, चित्रणाच्या दर चार फ्रेममधली एकच ठेवली. तरी बसेना. शेवटी चित्राची रुंदी-उंची सहाव्या हिश्श्यावर आणली. मूळ चित्रात मेंढीचं एक खूर पडद्यावर साधारण वीस ठिपके रुंद दिसायचं. आता तीन.

तिनं ते चित्र मोठं करून मल्हारीला दाखवलं.

"ह्यातली लंगडी कंची?" तिनं विचारलं.

त्यानं चष्मा लावला, मान तिरकी केली, लांब धरून बघितलं. "ह्यात मेंढी कंची त्ये सांग आधी," तो म्हणाला.

लॅपटॉप तापू नये म्हणून त्याच्याखाली ओलं पोतं आणि समोर टेबलफॅन लावला. वीज जाई तेव्हा शिकवणं जिथं थांबलं असेल तिथून पुन्हा सुरू करावं लागे. बाहेर पाऊस लागला, मेंढवाड्यात चिखल झाला आणि आठ मेंढ्या लंगडायला लागल्या. मल्हारी एकेकीला आडवी पाडून खुरं धुऊन औषध लावत होता. आत पंखा फिरत होता.

एकोणतीस जूनला शिकवणं पूर्ण झालं. वैष्णवीनं संस्थेच्या चित्रफिती एकेक करून चालवल्या, पुन्हा एकदा चालवून ताळा बघितला आणि निकाल पाठवला.

दुसऱ्या दिवशी संस्थेचं उत्तर आलं: एकूण चित्रफिती शंभर. हव्या होत्या पंच्याऐंशी. बरोबर ओळखल्या एक्कावन्न.